तलावाच्या पडद्यावरचा सदाशिव

नाटकाचे किस्से कोणाजवळ साठतात, माहीत आहे? नटाजवळ नाही. नटाला टाळ्यांशिवाय काही ऐकूच येत नाही. लेखकाजवळही नाही, तो विंगेत उभा राहून स्वतःचीच वाक्यं पुटपुटत असतो. किस्से साठतात पडदा ओढणाऱ्याजवळ. म्हणजे माझ्याजवळ!

माझं साकोलीत झेरॉक्सचं दुकान आहे. पण दिवाळी झाली, धान कापून झाले, गावोगाव मंडई भरायला लागली की मी शटर ओढतो अन् गावी जाऊन पडदा ओढतो. आमच्याकडे मंडई म्हणजे आकाशपाळणा, जिलेबी, लेकी-जावई, सोयरे-धायरे आणि शेवटी गावच्या मंडळाचं नाटक. नाटक नाही तर मंडई नाही.

तर आमच्या विंगेच्या पडद्याला माझ्या डोळ्याच्या उंचीवर एक भोक आहे. उंदरानं पाडलं म्हणतात. भलं होवो त्या उंदराचं! त्या भोकातून मला पब्लिक दिसतं. पब्लिक नाटक पाहतं, मी पब्लिक पाहतो. खरं सांगतो, तिकडचा खेळ जास्त रंगतो.

म्हणून एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतो, दुसऱ्याचं बोट धरून तिसरा. बायको म्हणते, "गिऱ्हाईक कागद घेऊन उभा हाय, अन् तुमची मंडई चालू!" उभा राहू दे. तोही ऐकतोच की.

*

पहिला मान नत्थू पेंटरचा.

नत्थू आंधळगावचा. दुकानाच्या पाट्या, ट्रॉलीवरची नावं, देवळाच्या भिंती, सगळं रंगवतो. दसरा झाला की पिशवीत ब्रश टाकून आमच्या गावी येतो, आमच्या मंडळातला नट डोमाजी, त्याच्या ओसरीवर मुक्काम ठोकतो आणि मंडईपर्यंत मंडळाचे पडदे रंगवतो. हातात जादू आहे बुवा. फक्त एक भानगड आहे. डोळ्यानं पाहिल्याशिवाय त्याला काही म्हणजे काही काढता येत नाही. मोर पाहिजे? मोर दाखवा. वाघ पाहिजे? म्हणतो, नागझिऱ्याच्या जंगलात नेऊन आणा.

एका वर्षी ऐतिहासिक नाटक ठरलं. राजवाड्याचा पडदा पाहिजे. नत्थू म्हणाला, "म्या राजवाडा पाह्यला नाई."

आता राजवाडा कुठून दाखवायचा? आमचे मास्तर, म्हणजे मंडळाचे लेखक, दिग्दर्शक आणि कायमचे राजे, वैतागून म्हणाले, "अरे, गावातलं सगळ्यात मोठं घर पाहा अन् काढ!"

नत्थू गेला आणि धानगिरणीवाल्या शेटजीच्या बंगल्यासमोर बसला. पडदा उलगडला तेव्हा आम्ही पाहतच राहिलो. खांब झकास, कमानी झकास. आणि गच्चीवर पाण्याची काळी टाकी!

"टाकी काहून काढली बे?"

"होती म्हणून काढली."

नाटकाच्या दिवशी सेनापती झालेला डोमाजी धावत आला. "महाराज, घात झाला! शत्रू वेशीवर येऊन ठेपला!"

पब्लिकमधून आवाज आला, "टाकीवर चढून पाहा महाराज!"

आणि महाराजांनी खरंच मान वर करून टाकीकडे पाहिलं!

*

त्यानंतर गावानं ठरवलं, नत्थूला उगाच राजेरजवाडे सांगायचे नाहीत. जे समोर आहे ते काढू दे. समोर काय आहे? तलाव. आमच्या गावात कोणत्याही घराच्या दारात उभं राहा, तलावाची पाळ दिसते. तलावाचं पाणी धानाला, तलावातली मासोळी ताटाला. म्हणून तलावाचा पडदा निघाला.

पडदा निघाला आणि गावाला हौस सुटली! पाटील म्हणे, माझी बैलजोडी टाक. कोणी म्हणे, माझी बकरी. आमचे त्या वेळचे सरपंच स्वतः नत्थूजवळ आले. "पाळीवरून मी चाललो असं दाखव. छत्री घेऊन."

नत्थूनं काढले. मिशीसकट.

पुढच्या निवडणुकीत सरपंच पडले. नवीन सरपंच गुलाल धुवायच्या आत हजर! "पेंटर, तो माणूस काढ अन् मले टाक."

नत्थू म्हणाला, "पुरा कायले काढू? छत्री तीच ठेवतो, मिशी तेवढी पुसतो."

असं दोन-तीनदा झालं. मिशी आली, मिशी गेली. मग जागा महिलेसाठी राखीव झाली आणि बाई निवडून आल्या. आता काय करतो नत्थू, म्हणून सारं गाव पाहायला गोळा झालं. नत्थूनं बिडी विझवली, ब्रश घेतला आणि छत्रीच चांगली खांद्यापर्यंत खाली घेतली. चेहरा गायब!

"आता कोनीबी येवो," म्हणाला.

*

त्याच पडद्यावर, पाण्यात मांडीपर्यंत उभा राहून जाळं फेकणारा एक माणूस आहे. तो सदाशिव. त्याची गोष्ट नीट ऐका, कारण शेवटी मी तिथंच येणार आहे.

सदाशिव ढिवर होता. तलावात मासे मारायचा. नत्थूला ढिवर पाहिजे होता म्हणून त्याला दुपारभर पाण्यात उभं केलं. जाळं फेकताना त्याची एक कड दातात धरतात, तशी धरून. तो दातातल्या दातात शिव्या देत होता आणि पाळीवर त्याची बायको बायजाबाई कडेवर पोरगं घेऊन हसत होती. मी नवीन नवीन पडदा ओढायला लागलो होतो, मलाही लय हसू आलं होतं.

पुढच्याच पावसाळ्यात कावीळ झाली आणि सदाशिव गेला. भरल्या जवानीत गेला हो.

त्याचा एकही फोटो नाही. लग्नात फोटोवाला बोलवायची ऐपत नव्हती. पुढं सरकारनं गावातल्या एकेकाला खुर्चीत बसवून आधार कार्डाचे फोटो काढले, पण तो त्याच्या आधीच गेला होता. लोक माझ्या दुकानात त्या कार्डाची झेरॉक्स काढतात आणि स्वतःचाच फोटो पाहून म्हणतात, "हा मी नोहो बावा!" बायजाबाईला तसा वाईट फोटोसुद्धा मिळाला नाही. तिच्याजवळ नवऱ्याचा चेहरा म्हणून एकच, आमच्या पडद्यावरचा.

दर मंडईला पडदा बांधून झाला की ती येते. पडद्यासमोर उभी राहते, वर्षभराचं सांगते आणि मग घरी जाऊन जेवते. त्याच्या आधी पाण्याचा घोटसुद्धा नाही. मी मागे दोऱ्या बांधत असतो, कानावर पडतं. "आपल्या रामेश्वरचं लगीन झालं जी. सून चांगली हाय, पण मीठ जास्त टाकते." कधी भांडतेसुद्धा! "तुमाले काय, तुमी गार पान्यात उभे! अठी धानाच्या रोवण्यात माही पाठ मोडली!"

गावची पोरं मोठी द्वाड. एकानं विचारलं, "आजी, तू एवढी बोलते, आजा काई बोलत नाई का वो?"

बायजाबाई म्हणाली, "त्याईच्या दातात जाळं हाय ना रे. कसे बोलतीन?"

*

डोमाजीची ओळख अर्धीच झाली. हा माणूस घरी कोंबडीलाही हाड् म्हणत नाही. पण भुवया जाड आहेत ना, म्हणून दर वर्षी खलनायक! बिचाऱ्यानं किती सुनांना छळलं, किती म्हाताऱ्यांना घराबाहेर काढलं, हिशेब नाही.

एका नाटकात त्यानं स्वतःच्या आईला घराबाहेर हाकलायचं होतं. आईचं काम करायला नागपूरहून बाई आणलेली. डोमाजी त्या वर्षी असा पेटला होता, असा पेटला होता की मी भोकाला डोळा लावून बसलो तर पब्लिकमधल्या बाया पदर दाताखाली धरून बसलेल्या.

"चालती हो! या घरात तुला जागा नाही!"

एवढ्यात पुढच्या सतरंजीवरून डोमाजीची खरी आई उठली. काठी टेकत टेकत थेट स्टेजच्या कडेला आली.

"डोम्या! असाच वाढवला का तुले?"

नागपूरची बाई विंगेकडं सरकली. डोमाजीच्या भुवया थरथरायला लागल्या. आणि तो पठ्ठ्या खाली उतरला आणि आईच्या पायाच पडला! खोटी मिशी तिच्या लुगड्याला चिकटून आली. पब्लिकनं अशा टाळ्या वाजवल्या की मी पडदाच पाडला. दुसरं काय करणार? तिसरा अंक झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारी चहा पिता पिता म्हणते कशी, "डोम्या, पुढं काय झालं रे त्या बुढीचं?"

*

मास्तरांवरही एकदा पाळी आली.

मास्तरांनी एक नाटक लिहिलं, 'घरचा कारभारी' नावाचं. त्यातला कारभारी असा की बाहेर सगळ्यांना ज्ञान वाटतो आणि घरी आल्यावर बायकोला, चष्मा कुठं आहे, टॉवेल कुठं आहे, माझा दुसरा मोजा कुठं आहे, हेच विचारतो. पब्लिक हसून हसून लोळलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या दारात पहिला तक्रारवाला हजर. "मास्तर, हे बरोबर नाई. माह्यावर लिवलं तुमी." त्याची समजूत घालून पाठवला तोवर दुसरा आला. संध्याकाळी तिसरा, तो तर सोबत दोन माणसं घेऊन!

मास्तर हात जोडून सांगत होते, "अरे बाबांनो, मी तुमच्यावर नाही लिहिलं! स्वतःवर लिहिलं, स्वतःवर!"

आतून मास्तरीणबाई बाहेर आल्या. हातात चहाचा ट्रे. त्यांनी ट्रे ठेवला, मास्तरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमाले सारं मालूम होतं तर!"

*

आता राजवाड्याचं पुढं काय झालं ते सांगतो, कारण ते माहीत असलं पाहिजे.

नत्थूचे रंग भुकटीचे. सरस कालवून कापडावर लावायचे. दिसतात झकास, पण पाणी लागलं की खेळ खलास. हे आम्हाला माहीत. डोमाजीलाही माहीत. पण एका वर्षी कापणी झाली, धानाचं पुंजणं रचून झालं आणि अवकाळी आभाळ भरून आलं. डोमाजीला ताडपत्री सापडेना. ओसरीत नत्थूचा पडदा गुंडाळून ठेवलेला. डोमाजीनं तो उचलला आणि झाकला पुंजण्यावर!

सकाळी जाऊन पाहतो तर राजवाडा सारा धानात उतरलेला. खांबांचा गुलाबी रंग एका बाजूला, आभाळाचा निळा दुसऱ्या बाजूला. नत्थू डोक्याला हात लावून बसला. डोमाजी त्याच्या शेजारी बसला.

डोमाजीच्या आईनं त्यातलाच ओला धान वाळवून कांडला, भात रांधला आणि दोघांच्या पुढ्यात ताटं ठेवली. भात थोडा गुलाबीच होता.

"खा," म्हणाली, "राजाच्या घरचा हाय."

नत्थूनं पुढच्या वर्षी राजवाडा नवा काढला. टाकीसकट!

*

मध्ये मंडळातल्या नव्या पोरांनी फ्लेक्सचं खूळ काढलं. एका दिवसात छापून येतं, पाण्यानं जात नाही, उंदीर खात नाही. मोबाइलवर 'तलाव' शोधला आणि ऑर्डर दिली. फ्लेक्स आला. निळंशार पाणी, मागं बर्फाचे डोंगर, पाण्यावर लाकडी घर तरंगते आहे!

आम्ही पाळीवर नेऊन उलगडला. गाव जमलं. कोणी जवळ जाऊन पाहतं, कोणी लांबून पाहतं. यात ना पाटलाची बैलजोडी, ना छत्री, ना कोणाची बकरी.

डोमाजीच्या आईनं काठीनं फ्लेक्सला टोचून विचारलं, "याचं पानी कोनाच्या वावराले जाते?"

त्या वर्षी फ्लेक्स भज्याच्या दुकानावर छत म्हणून लागला. पावसात गळला नाही, हे मात्र मान्य करावं लागेल.

*

गेल्या मंडईला मात्र घात झाला. नाटकातला नाही, खराखुरा.

दुपारची वेळ. पाळणे सुरू झालेले, पाहुणे येऊन राहिले होते. मी तलावाचा पडदा बांधून, ताणून ठेवला होता. राजवाडा वर गुंडाळलेला. आणि बघता बघता आभाळ काळं झालं. कापणीनंतरचा अवकाळी पाऊस, त्याला ना वेळ ना काळ. असा कोसळला की ज्याला जे दिसलं ते घेऊन तो धावला. कोणी माइक उचलला, कोणी पेटी, मास्तरांनी तर फक्त स्वतःचा मुकुट वाचवला. मी दोरी ओढायला गेलो तर भिजून गाठ अशी आवळली की सुटेना.

बायजाबाई तेव्हाच येत होती. तिच्या डोक्यावर खताच्या पोत्याची प्लास्टिकची बोरी होती. ती बोरी तिनं काढली आणि पडद्यावर धरली. स्वतः भिजली. पण एवढ्या मोठ्या पडद्याला एक बोरी कुठं पुरते हो? रंग तिच्या हातावरून, कोपरावरून ओघळत होता. आम्ही तिला ओढून बाजूला केलं.

पाऊस थांबला तेव्हा तलाव चिखल झालेला. बैल गेले, बकरी गेली. छत्रीवाला तेवढा कोरडा राहिला, वर ताडपत्री होती म्हणून. सदाशिवाचं जाळं राहिलं आणि पाय राहिले. तोंड नव्हतं.

बायजाबाईचं वर्षभराचं सांगणं तसंच राहिलं. रडलीसुद्धा नाही. घरी गेली.

आम्ही नाटक राजवाड्यासमोर केलं. शेतकऱ्याच्या झोपडीचा सीन, मागं टाकी. कोणी हसलं नाही.

काही दिवसांनी तिची सून सुनीता माझ्या दुकानात आली. हातात एकही कागद नाही. काउंटरला टेकून उभी राहिली आणि तिचे डोळेच भरले.

"काकाजी, माय जेवत नाई. एक घास घेते अन् ताट सारते. इचारलं तं म्हणते, भूकच नाई. डाक्टरले दाखवलं, तो म्हणते काईच नाई झालं. तिले सारखं वाटते, पडदा झाकाले आपल्याले उशीर झाला. तुमी काई करा ना."

माझ्या दुकानात मशीन आहे, कसलीही कॉपी निघते. पण आधी काही असावं तर लागतं ना! लय वाईट वाटलं मला. मी नत्थूला फोन लावला.

*

नत्थू आंधळगावहून दुसऱ्या दिवशी गावी आला, मीही शटर ओढून पोचलो. नत्थूनं समाजमंदिराच्या भिंतीवर पडदा टांगला, रंगाचे डबे मांडले आणि बसून राहिला.

"मले जमत नाई गा," मला म्हणाला. "पाह्यल्याशिवाय म्या आजवर काई काढलं नाई. त्याचं तोंड याद करतो तं नुसतं जाळं दिसते."

गावानं मदत करायला सुरुवात केली, म्हणजे अजून गोंधळ केला. पाटील म्हणे, सदाशिव गोरा होता. डोमाजी म्हणे, छे, सावळा होता, भुवया जाड होत्या. मास्तर म्हणाले, कपाळ मोठं होतं, विचारी माणूस. ज्याला विचारावं तो आपलंच तोंड सांगून राहिला!

मग कोणीतरी म्हणालं, पोरगा बापावर गेला आहे. रामेश्वरला बोलावलं. दातात जाळं देऊन उभा केला. नत्थूला हायसं वाटलं, समोर माणूस आला. दिवसभर मान वर न करता चेहरा काढला. हुबेहूब!

बायजाबाईला आणलं. सून हाताला धरून घेऊन आली. किती वाळली होती हो! पडद्यासमोर उभी राहिली आणि पटकन हसली.

"हा तं रामेश्वर हाय," म्हणाली. "माहं लेकरू. मस्त काढला, नत्थूभाऊ. पण हे ते नाई."

आणि परत जायला वळली.

नत्थू उठून तिच्या आडवा गेला. साठीला आलेला माणूस, त्याचा आवाज रडवेला झाला होता. "वैनी, मी काय करू? पाह्यल्याशिवाय मले येत नाई. अन् त्याले आता कुठून पाहू?"

बायजाबाई थांबली. मग पडद्यासमोर सतरंजी होती तिच्यावर बसली, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि तोंड नत्थूकडे केलं.

"माह्याकडं पाहून काढा."

"तुमच्याकडं?"

"मंग? एवढे वर्स त्याईले मीच पाहून राहिली ना. अठीच असतीन कुठं तं."

नत्थूनं माझ्याकडे पाहिलं. मी पांढऱ्या रंगाचा डबा त्याच्यापुढं सरकवला. त्यानं रामेश्वरच्या चेहऱ्यावर पांढरा हात फिरवला आणि डबे जवळ ओढले. तिच्याकडे पाहायचा आणि काढायचा. कपाळ काढलं, डोळे काढले. केसांसाठी काळ्यात ब्रश बुडवला तर ती म्हणाली, "काळे नका करू जी."

"सदाशिवाचे काळेच होते, वैनी."

"तवा होते. आता मी अशी झाली. एवढे जवान काढसान तं वळखतीन का ते मले?"

नत्थूनं ब्रश धुतला आणि पांढऱ्यात बुडवला. गालावर सुरकुत्या काढल्या, तिच्या होत्या तशाच. मग दातातलं जाळं काढायला घेतलं तर पुन्हा, "जाळं राहू द्या आता. लय वर्स फेकलं. पाय गारठले असतीन. पाळीवर बसवा त्याईले."

पाण्यात उभा असलेला माणूस पुसून पाळीवर बसवायचा म्हणजे काय थोडं काम आहे? पण नत्थूनं पांढऱ्याचा डबा पुन्हा ओढला. जाळं बाजूला झाडाला टांगलं. पाळीवर एक म्हातारा बसवला, मांडी घालून, हात मांडीवर ठेवून. ऊन कलायला लागलं तेव्हा त्यानं ब्रश खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसला.

सारं गाव जमलं होतं. बायजाबाई जागची हलली नाही. पाहत होती. मी भोकातून आयुष्यभर पब्लिक पाहिलं आहे, पण पडद्याकडे असं पाहताना मी कोणाला पाहिलं नाही.

शेवटी डोमाजीला राहवलं नाही. तो तसाच आहे, त्याला काही म्हणू नका. हळूच म्हणाला, "वैनी, आता तं तोंड मोकळं झालं त्याचं. काई बोलून राहिला का सदाशिव?"

बायजाबाईनं पदर डोक्यावर घेतला, लाजल्यासारखी झाली.

"इचारून राहिले," म्हणाली, "जेवली का म्हणून."

आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चाल वो सुनीता. भात मांड."